आतून रंग मारल्याने भिंतीची ओल जात नाही

पाऊस ओसरू लागला की मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश दरवर्षी फिरतो. शब्द थोडे बदलतात, सल्ला तोच राहतो. दिवाळीच्या आत ओल्या भिंतीचे पोपडे खरवडा, पुट्टी भरा, आतून वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात द्या, ओल कायमची जाईल. छताचा तुकडा पडला असेल तर तोही पुट्टीनेच बुजवा. गच्ची गळत असेल तर जुन्या कोब्यावर, म्हणजे स्लॅबवरच्या विटांच्या तुकड्यांच्या थरावर, नवा कोबा टाका. खर्च वरच्या मजल्यावाल्याकडून घ्या, सोसायटीची वाट बघत बसू नका. लोक हा संदेश चांगल्या मनाने पुढे पाठवतात, म्हणूनच त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवं. यातला एक सल्ला तर जिवावर बेतू शकतो.

आधी रंगाचं बघू. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मुंबईवर दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर तिरका येतो. त्यामुळे पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंती सर्वांत जास्त भिजतात. पाणी शिरतं ते बाहेरच्या गिलाव्याच्या भेगांतून, खिडकीच्या चौकटीभोवतीच्या फटींतून, छज्जा आणि भिंत जिथे जुळतात तिथून, फुटलेल्या पाइपातून आणि पाइपामागे उगवलेल्या पिंपळाच्या मुळांवाटे. आतल्या रंगाने यातली एकही वाट बंद होत नाही. पाणी रंगाच्या मागे अडतं, भिंतीतले क्षार बरोबर घेऊन येतं आणि रंगाला फुगे धरतात. कधी ते बाजूला सरकून शेजारच्या खोलीत उमटतं, मग तिथेही रंग काढावा लागतो.

त्यात घाई भर घालते. मुंबईतून मान्सून परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे. चार महिने पाणी प्यायलेली विटांची भिंत दिवाळीपर्यंतच्या थोड्या दिवसांत आतपर्यंत सुकत नाही, वरून कोरडी लागली तरीही. प्लास्टिकचा एक तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावून दोन दिवसांनी बघा. आतल्या बाजूला दव जमलं असेल तर रंगाऱ्याला थांबवा. ऑक्टोबरचं ऊन भिंती सुकवण्यासाठी आणि भेगा शोधून बाहेरून बुजवण्यासाठी वापरावं. आतला रंग डिसेंबर-जानेवारीत, कोरड्या हवेत द्यावा. दिवाळीला भिंत डागाळलेली दिसेल. दिसू दे.

आता छताचा तुकडा. इथे मला शब्द जपून वापरायचे नाहीत: हा सल्ला धोकादायक आहे. काँक्रीट मुळात अल्कधर्मी असतं आणि ते तसं राहतं तोवर आतली सळई गंजत नाही. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत झिरपला की ते संरक्षण जातं. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेतलं क्लोराइड ते काम आणखी लवकर करतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. तो फुगतो, खालच्या काँक्रीटला तडा देतो आणि तुकडा सुटतो. म्हणजे खाली पडलेला तुकडा हा रोग नव्हे, आतली सळई बारीक होत चालल्याची खूण आहे. त्यावर पुट्टी भरली की गंज चालूच राहतो आणि तपासायला येणाऱ्या इंजिनिअरपासून पुरावा मात्र लपतो. फॉल्स सीलिंगही हेच करतं.

छतावर सळईच्या रेषेत तपकिरी डाग किंवा सरळ तडा दिसला, काठीने ठोकल्यावर बद्द आवाज आला, तर त्याखालचा पलंग आणि पाळणा आधी हलवा. मग स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. खरी दुरुस्ती म्हणजे सुटलेलं काँक्रीट पूर्ण काढणं, सळई घासून साफ करणं, गंजरोधक लेप देणं, फारच झिजली असेल तर नवी सळई जोडणं आणि मग पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंट-वाळूचा माल) भरणं. गरज असेल तर त्याआधी टेकू द्यावे लागतात. इमारत ३० वर्षांपेक्षा जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, ऐच्छिक नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब नुसार ते बंधनकारक आहे.

कोब्याचं थोडक्यात. विटांच्या तुकड्यांचा १० सेंटिमीटर जाड कोबा दर चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो वजन स्लॅबवर टाकतो. जुना न काढता नवा घातला की तेवढा भार वाढतो, तोही आधीच गंजलेल्या सळईवर. बहुतेक गच्च्या गळतात त्या कठड्याच्या बुडाशी सिमेंटची गोलसर कड (वाटा) सुटल्यामुळे, पन्हाळीची तोंडं तुंबल्यामुळे किंवा उतार बिघडल्यामुळे. आधी ते तपासा.

राहिला खर्च. वरच्या घराशी भांडण्याआधी ओलीच्या डागाची कड पेन्सिलने आखा आणि तारीख लिहा. डिसेंबरपर्यंत डाग सुकत गेला तर पाणी बहुधा पावसाचं आहे. तसाच राहिला किंवा पसरला तर वरच्या बाथरूममधल्या नहाणी ट्रॅपकडे (फरशीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्याकडे) किंवा पाइपकडे बघा. तिथे रंगीत पाणी ओतून खात्री करता येते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत वाटणी स्पष्ट आहे: पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती संस्थेच्या खर्चाने, तर सदनिकेतल्या संडास, सिंक वगैरेंमुळे होणारी गळती त्या सदस्याच्या खर्चाने. गच्चीतून झिरपलेल्या पावसाने वरच्या मजल्याचं छत आणि प्लास्टर खराब झालं असेल तर तेही संस्थेनेच करायचं असतं. वरच्या मजल्यावरची कितीतरी माणसं हे माहीत नसल्याने स्वतःच्या खिशातून वर्षानुवर्षं पैसे घालत राहतात.

म्हणून सोसायटीला टाळून चालणार नाही. इंजिनिअर नेमणं, निविदा, सर्वसाधारण सभा, परांची बांधणं, यात महिने जातात आणि बाहेरचं काम मेअखेर संपलंच पाहिजे. त्यामुळे ओलीचे फोटो आणि लेखी अर्ज समितीकडे पाऊस ओसरताच द्या, डाग ताजे असताना.