अंगठा उमटेपर्यंत

घर दाखवणं सोपं असतं. दार उघडायचं, खिडकीतून कडुनिंब दाखवायचा आणि नळ उघडायचं टाळायचं. आम्हा एजंटांचं खरं मरण पुढे, कागदावर.

घरमालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं: ‘अहो, अकराच महिन्यांचा तर करार. पाचशेच्या स्टँप पेपरवर नोटरी करून टाकू.’ १९०८च्या नोंदणी कायद्यात वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, म्हणून शहाण्यांनी एक महिना छाटला. महाराष्ट्रात ही हुशारी चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९चं कलम ५५ म्हणतं, करार लेखी हवा आणि नोंदलेलाही हवा, मग मुदत कितीही असो. जबाबदारी मालकाची. चुकला तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

कैदेला मालक घाबरत नाहीत. मग मी हुकमाचं पान टाकतो: नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरतात, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत. तुम्ही म्हणालात भाडं वीस हजार, तो म्हणाला बारा, की बसा सिद्ध करत. इथे चहाचा कप बशीत टेकतो.

‘पण खर्च किती?’ वीस हजार भाडं, एक लाख परत मिळणारं डिपॉझिट, मुदत बारा महिने धरा. भाड्याचे २,४०,०००, त्यात डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी १०,०००; झाले अडीच लाख. त्यावर पाव टक्का, म्हणजे ६२५ रुपये मुद्रांक शुल्क. शहरात नोंदणी फी १,०००. एवढं ऐकून मालकांचा चेहरा खुलतो. माझी फी सांगितली की पुन्हा मिटतो.

मग मसुदा. मालकांकडे व्हॉट्सअॅपवर आलेला ‘एकदम पक्का’ नमुना असतो. त्यात सातव्या कलमात कुणा भलत्याच भाडेकरूचं नाव राहिलेलं असतं आणि शेवटी न्यायक्षेत्र दिल्लीचं. शिवाय आपण सगळे बोलतो ‘भाडेकरू’, कागदावर मात्र तो लायसन्सी, म्हणजे जागा वापरायचं लायसन्स मिळालेला. फरक शाब्दिक नाही. भाडेपट्ट्याने जागेत हक्क निर्माण होतो, लायसन्सने फक्त वापराची परवानगी मिळते. मुदत संपूनही माणूस हलला नाही, तर त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४प्रमाणे मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जाऊ शकतो आणि मुदत संपल्यापासून ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मिळू शकते. एवढं मिळत असताना हौसेने ‘भाडेपट्टा’ लिहिणारे पाहिले की कपाळावर हात जातो.

मी मात्र पंखे, गीझर, ट्यूबलाइट आणि किल्ल्या किती ते मोजून लिहितो. नोटिशीची मुदत, लॉक-इन म्हणजे करार मोडता न येण्याचा काळ, रंगाचा खर्च कोणाचा, हेही. ‘मोघम ठेवा, समजूतदार माणसं आहेत’ असं दोन्ही बाजू म्हणतात. समजूतदारपणा डिपॉझिट परत करायच्या दिवशी संपतो.

शेवटी अंगठे. मालक, लायसन्सी आणि दोन साक्षीदार, सगळ्यांची आधारवर पडताळणी. मशीन ऐन वेळी मालकांच्या अंगठ्याशी अबोला धरतं. हात पुसा, थोडं क्रीम लावा, बोट बदला, दाबून नव्हे, सपाट ठेवा. तरीही नाही? मग आधारचं बायोमेट्रिक लॉक, म्हणजे बोटांचे ठसे वापरू न देणारं कुलूप, तपासा. ते लावणारे खुद्द मालकच असतात आणि विसरणारेही तेच. नावाचा घोळ निराळा: आधारवर ‘विठ्ठल’, पॅनवर ‘व्हिट्ठल’.

दहाव्या बोटाला हिरवा दिवा लागतो. सगळे सुटकेचा श्वास सोडतात, आणि फोटोसाठी कॅमेऱ्यासमोर बसलेले मालक विचारतात, ‘हे सगळं अकरा महिन्यांनी पुन्हा करायचं?’

कायद्याने पाच वर्षांचाही करता आला असता, हे मी आता सांगत नाही.