घोट्यापर्यंतचं नाटक

संगीत नाटकात ऑर्गन वाजवणाऱ्याला नाटक कसं दिसतं, हे एकदा समीक्षकांना कुणीतरी सांगायला हवं. रंगमंचाच्या पुढे, पहिल्या रांगेच्या पायाशी जो खड्डा असतो त्यात आम्ही बसतो. डोळे बरोबर फळ्यांच्या पातळीला. फूटलाइट आणि माइकचे स्टँड यांच्या फटीतून जे दिसतं ते घोट्यापर्यंत. सुभद्रेच्या पैंजणाचा कुठला घुंगरू गळलाय, कृष्णाने टाचेला काय लावलंय, बलरामाचे मोजे काढायचे राहिलेत का, हे सगळं मला ठाऊक. चेहरे दिसतात ते दौऱ्याच्या बसमध्ये, आणि तेही झोपलेले. बायको एकदा प्रयोगाला आली आणि घरी जाताना म्हणाली, "नवा अर्जुन दिसायला छान आहे हो." म्हटलं, "असेल. टाचांना भेगा फार आहेत."

आता ऑर्गन. हातपेटीचा भाता हवा बाहेर ढकलतो. माझा जुना परदेशी ऑर्गन उलटा, तो हवा आत ओढतो. म्हणजे खड्ड्यातली धूळ, झाडूचे कण, वरून झडणारी पावडर सगळं त्याच्या पोटात, आणि मग त्यातून स्वर. पाय सतत पायट्यांवर. आवाज वाढवायला गुडघ्याशी एक दांडी, ती बाहेरच्या बाजूला दाबायची. दोन्ही हात पट्ट्यांवर. हे सविस्तर सांगायचं कारण, खड्ड्यात डास असतात.

डासांना संगीत नाटकाची उत्तम जाण आहे. गद्य प्रवेशात ते येत नाहीत, कारण तेव्हा आमचे हात मोकळे असतात. नायिका करणाऱ्या ताईंनी पदाचं धृपद घेतलं, आलाप सुरू झाला, की एक येऊन नाकाच्या शेंड्यावर बसतो. हात काढावा तर स्वर तुटतो, पाय थांबवावा तर हवा संपते, मान हलवावी तर मागचे काका समजतात मी दाद देतोय आणि तेही "वाहवा" म्हणतात. त्या "वाहवा"ने ताईंना चेव येतो. पाच मिनिटांचं पद नऊ मिनिटांवर जातं. वर कुणीतरी "वन्स मोअर" ओरडतो. वन्स मोअरचे हार गाणाऱ्यांना, फोटो गाणाऱ्यांचे. आमची नाईट, म्हणजे प्रयोगाचे पैसे, तेवढीच. अर्थात तक्रार करायला तोंड नाही. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल'चे पहिले चार अंक केले. त्या नाटकात पदंच दोनशेच्या आसपास. तेव्हाच्या साथीदारांनी डासांचं काय केलं, याची नोंद कुठल्याही नाट्येतिहासात नाही.

तिसरी घंटा व्हायच्या आधी एक वेगळाच प्रसंग घडतो. विंगेतून एक हात येतो आणि मागून शालीत गुंडाळलेला आवाज. "मास्तर, आज घसा जरा धरलाय. पांढरी चारच्या जागी पांढरी तीन घ्या हं. अर्धाच सूर." अर्धाच! म्हणजे सा चौथ्या पांढऱ्या पट्टीऐवजी तिसरीवर धरायचा. या दोन पांढऱ्यांच्या मधे काळी नाही, म्हणून अंतर अर्धं. पण शुद्ध स्वरांच्या पदाला पांढरी चारात एकच काळी लागते आणि पांढरी तीनात चार. बोटांना वर्षानुवर्षं पाठ झालेला रस्ता बदलायचा, तोही अंधारात, एका छोट्या दिव्यावर, ज्याचा प्लग नेपथ्यवाल्यांना पंखा लावायला हवा असतो. मी "बरं ताई" म्हणतो. दुसऱ्या अंकात घसा सुटतो. ताई आनंदाने जुन्या पट्टीत शिरतात आणि मला कळवायचं राहून जातं.

खड्ड्याच्या दुसऱ्या टोकाला अण्णा. तबला. त्यांचा शत्रू डास नाही, हवामान. कोकणात तबला उतरतो, वातानुकूलित नाट्यगृहात चढतो, आणि मध्यंतरात व्यवस्थापकाने वीज वाचवायला एसी बंद केला तर दोन्ही गोष्टी एकाच प्रयोगात होतात. ऑर्गनच्या पितळी स्वरपट्ट्या आपल्या जागच्या हलत नाहीत, म्हणून हलायचं अण्णांनीच. वर नायिका प्रियकराच्या आठवणीने व्याकूळ, आणि खाली अण्णा सूर जुळवायला हातोडीने तबल्याचे लाकडी गठ्ठे ठोकतायत. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी एकदा वाकून विचारलं, "फरशी बसवताय का?"

पहिली रांग हे प्रकरण स्वतंत्रच. ती मंडळी ऑर्गनवर पर्स ठेवतात, छत्री ठेवतात, वेफर्सचं पाकीट ठेवतात. लहान मूल असेल तर मूलही ठेवून पाहतात. "स्वच्छतागृह कुठंय हो?" हा प्रश्न मला नांदी चालू असताना येतो, आणि मी हनुवटीने दिशा दाखवतो. पण गोव्यात मात्र पहिली रांग छत्री ठेवत नाही, कान ठेवते. देवळाच्या उत्सवातलं नाटक, पालखी आटोपल्यावर रात्री उशिरा सुरू, समोर बसलेल्या म्हाताऱ्या आजींना सगळी पदं पाठ. पहिल्या अंकानंतर एक सद्गृहस्थ खड्ड्यात डोकावले आणि अगदी हळू म्हणाले, "मास्तर, निशाद मातसो देंवला." निषाद खरोखरच उतरला होता. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटी, म्हणजे हार्मोनियम, वाजवायला बंदी ठेवली होती. अशा वेळी ते धोरण मला विचारी वाटतं.

त्या दौऱ्याहून परततानाची गोष्ट. बसमध्ये नटमंडळी पुढे, आम्ही मागे, आणि ऑर्गन आमच्याही मागे, शेवटच्या सीटला दोरीने बांधलेला. पहाटे सीमेवरच्या नाक्यावर बस थांबवली. गोव्याहून येणाऱ्या गाडीत एवढी मोठी लाकडी पेटी म्हटल्यावर टॉर्च थेट तिच्यावर. "यात काय?" "ऑर्गन." "उघडा." मागची फळी काढली. आत शेवंतीच्या पाकळ्या, नाटकाच्या तिकिटाचा तुकडा, वेफरचे अवशेष आणि ताईंच्या कुडीतला एक मोती, जो सांगलीच्या प्रयोगापासून हरवला होता आणि ज्यापायी मेकअपवाल्या पोराने बोलणी खाल्ली होती.

साहेबांचं समाधान झालं नाही. "वाद्य आहे ना, मग वाजवा."

वाजवलं. पहाटे, बसच्या दिव्यात, अर्धी झोपलेली मंडळी, त्यात अर्जुन घोरतोय. भैरवीतलं एक पद घेतलं. साहेबांनी टोपी काढून सीटवर ठेवली. हवालदार दारातून वर आला. पद संपल्यावर साहेब म्हणाले, "मधल्या सप्तकाचा पंचम चिकटतोय तुमचा. आमच्या वडिलांची भजनी पेटी होती." स्वतः वाकून त्यांनी पट्टी उचलून पाहिली, खालून बदामाचं साल काढलं आणि म्हणाले, "आता घ्या परत."

म्हणजे नाक्यावरही वन्स मोअर.

इतका वेळ अण्णा डग्ग्याची खोळ मांडीवर घेऊन डोळे मिटून बसले होते. ती कुणीच उघडायला सांगितली नाही. बस सुटली, घाट लागला, आणि प्रत्येक खड्ड्याला त्या खोळीतून काचेवर काच आपटल्याचा बारीक नाद यायला लागला. मी विचारलं नाही. नाद पांढरी चारात होता, एवढं मात्र मी शपथेवर सांगू शकतो.