जुनी जाड बाटली गरम रसासाठी बरी नव्हे

वरुड-मोर्शी भागात संत्र्याचे सरबत करणाऱ्या बचत गटांत सध्या मोबाइलवर एक मजकूर फिरतो आहे: 'कारखाने आता बाटली संगणकावरच पाहून घेतात, काच वाचवण्यासाठी ती पातळ करतात आणि चाचणीही घेत नाहीत, म्हणून रस भरताना बाटल्या तडकतात, जुन्या जाड बाटल्याच वापरा.' तो वाचून काही बाया कबाड्याकडून बाटल्या आणू लागल्या आहेत. उकळत्या रसाशी त्यांच्या हातांची गाठ असल्यामुळे हे खोडून काढणे मला अगत्याचे वाटते.

जाड काच उष्णता अधिक सोसते, हा समजच उलटा आहे. काचेतून उष्णता सावकाश जाते. गरम रस पडताच आतली बाजू प्रसरण पावते, बाहेरची थंडच राहून ताणली जाते, आणि भिंत जितकी जाड तितका हा फरक मोठा. काच दाब पुष्कळ सोसते, ताण मात्र थोडा, आणि ओरखडा असेल तिथे त्याहूनही थोडा. क्रेटमध्ये वर्षानुवर्षे घासलेली बाटली म्हणूनच आधी तडकते.

संगणकामुळे काच वाचते, हे खरेच आहे. परंतु त्याच्याकडून मुख्यतः हवी असते ती जाडीची समानता. सुमारे ११०० अंशांचा काचरसाचा गोळा एका साच्यात कच्चा आकार घेतो आणि दुसऱ्या साच्यात हवेने फुगवला जातो. या काही सेकंदांत काच हजारो पटींनी घट्ट होते. साच्याला आधी टेकलेला भाग लवकर थिजून जाड राहतो, उरलेला ताणून पातळ होतो. संगणक बाटलीचे हजारो बारीक भाग कल्पून प्रत्येकाचे तापमान आणि घट्टपणा क्षणाक्षणाला काढतो, त्यामुळे खांदा किंवा बूड कुठे कच्चे राहील, हे बिडाचा साचा घडवण्याआधी कळते. साचा काचेतील उष्णता किती वेगाने ओढतो, हा आकडा मात्र मोजूनच द्यावा लागतो. तो चुकला, तर सगळे गणित चुकते.

त्यामुळेच चाचण्या सुटलेल्या नाहीत. गरम पाण्यातली बाटली साधारण ४२ अंशांनी थंड पाण्यात बुडवून पाहण्याची चाचणी आजही रूढ आहे.

आंबिया बहाराची संत्री थंडीच्या तोंडावर येतात. पहाटे १२ अंशांच्या बाटलीत ८५ अंशांचा रस ओतला, की फरक ७३ अंशांचा होतो. बाटल्या आधी कोमट, मग गरम पाण्यात ठेवाव्यात आणि भरताना गार फरशीवर नव्हे, कोरड्या पोत्यावर मांडाव्यात.