पाकिटावरचे आकडे

आमच्या 'दहावी क'च्या ग्रुपवर २०२५ च्या जानेवारीत एक फॉरवर्ड फिरला. अमेरिका एआयवर पाचशे अब्ज डॉलर ओततेय आणि आपलं सरकार दहा हजार कोटी रुपये. खाली रडक्या चेहऱ्यांची रांग. लगेच दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणे, एवढ्याशा पैशांत काय डोंबल होणार? दुसरी म्हणे, आधी मिरजेतले खड्डे बुजवा, मग एआयचं बघू. मग कुणीतरी मला टॅग केलं: "तू तिथंच आहेस ना, खरं काय ते सांग."

मी इलिनॉयमध्ये एका विद्यापीठाच्या ग्रँट्स ऑफिसात आहे. संशोधन प्राध्यापक करतात. वॉशिंग्टनहून त्यांना आलेल्या पैशांचा हिशेब आम्ही कारकून मंडळी ठेवतो. तेव्हा निदान आकड्यांबद्दल बोलायचा थोडा हक्क मला आहे.

ते पाचशे अब्ज सरकारी नव्हतेच. ती 'स्टारगेट' या डेटा सेंटर उभारायच्या प्रकल्पाची घोषणा, ओपनएआय, सॉफ्टबँक आणि ओरॅकल या कंपन्यांची. व्हाइट हाउसमध्ये झाली म्हणून सरकारी वाटली एवढंच. इथल्या केंद्र सरकारने संरक्षण सोडून बाकी सगळ्या खात्यांत मिळून एआय संशोधनावर २०२२ च्या आर्थिक वर्षात घातले ते सुमारे १.७ अब्ज डॉलर. आपलं इंडियाएआय मिशन मार्च २०२४ मध्ये मंजूर झालं: पाच वर्षांसाठी १०,३७१.९२ कोटी रुपये. तेव्हाच्या दराने सव्वा अब्ज डॉलर, वर्षाला पाव अब्ज. फरक साधारण सात पटींचा. अमेरिकेची अर्थव्यवस्थाही आपल्या सात-आठ पट मोठी आहे. म्हणजे ऐपतीच्या मानाने आपण फार मागे नाही. अर्थात ही तुलना ओबडधोबड आहे. इथे संरक्षण खात्याचा पैसा वेगळा, त्यातल्या 'डार्पा' या एकाच संस्थेने २०१८ मध्ये अनेक वर्षांसाठी दोन अब्ज जाहीर केले होते. आणि आपल्या दहा हजार कोटींत स्टार्टअपचं भांडवल नि प्रशिक्षणही मोजलंय. तरी रडक्या चेहऱ्यांची रांग लावावी असं त्यात काही नाही.

मुळात तो १.७ चा आकडा कसा निघतो, हे या टेबलापाशी बसल्यावर कळतं. १९९१ च्या कायद्यातून निघालेलं एक समन्वय कार्यालय आहे, ते खात्याखात्याकडून आकडे गोळा करतं. पण कॅमेऱ्यावरून गाय लंगडतेय का हे ओळखायच्या प्रकल्पाला शेती म्हणायचं, पशुवैद्यक म्हणायचं की एआय? २०१८ मध्ये आमच्याकडे असा एक प्रकल्प 'शेती' होता. तोच प्राध्यापक, त्याच गाई, आणि २०२१ च्या नव्या अर्जात तो 'एआय' झाला. म्हणून खर्च वाढल्याच्या बातमीवर मी जरा हातचं राखूनच विश्वास ठेवते. २०२१ मध्ये एका राष्ट्रीय आयोगाने २०२६ पर्यंत हा खर्च वर्षाला ३२ अब्जांवर न्या म्हणून शिफारस केली, मे २०२४ मध्ये सिनेटच्या गटाने तीच पुन्हा केली. ते ३२ अब्ज अजून वाटेतच आहेत.

मला ग्रुपवर सांगायचं होतं ते वेगळंच, आणि ते फॉरवर्डच्या मापात बसत नव्हतं. माझे बाबा मिरजेला आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये, सॉर्टर होते. रात्रपाळीत पत्रांचे ढीग पुढे घेऊन, पत्ता वाचून, लाकडी खणांत पत्र टाकायचं. पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला, श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या डोक्यातून. पण लोक तो लिहायचे कुठे? आणि लिहिलाच तर एकाचा सात वाटायचा.

नेमकी हीच कटकट अमेरिकेच्या टपाल खात्याची होती. हाताने लिहिलेले झिप कोड, म्हणजे तिथले पिनकोड, यंत्राला वाचता यावेत म्हणून त्यांनी बफेलोच्या विद्यापीठात वर्षानुवर्षं पैसे घातले. तिथे सर्गूर श्रीहरींनी या कामाचं केंद्रच उभं केलं. बफेलोच्या टपाल कार्यालयातून जाणाऱ्या खऱ्या पाकिटांवरचे नऊ हजारांवर अंक कापून घेतले गेले, आणि १९८९ मध्ये बेल लॅब्जमध्ये यान लकून आणि मंडळींनी त्यांवर आपलं न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारा प्रोग्रॅम, शिकवलं. दुसरीकडे जनगणनेचे फॉर्म यंत्राने वाचावेत म्हणून मानकांच्या संस्थेने, म्हणजे निस्टने, जनगणना खात्याचे कर्मचारी आणि शाळेतली पोरं यांच्याकडून छापील तक्त्यांत अंक लिहून घेतले. तक्त्याच्या खालच्या चौकटीत राज्यघटनेची प्रस्तावनाही उतरवून घेतली होती. त्याच अंकांमधून पुढे ७०,००० चित्रांचा 'एमनिस्ट' हा संच तयार झाला, आणि जगभरात मशीन लर्निंग शिकणाऱ्या बहुतेक प्रत्येकाने त्यावर हात बसवला. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतही.

यातलं कुठलंही खातं 'एआय मिशन' चालवत नव्हतं. टपाल खात्याला टपाल वाटायचं होतं, जनगणनावाल्यांना माणसं मोजायची होती. आज ऊर्जा खात्याकडे असलेल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत १९७१ मध्ये प्रथिनांच्या रचनांची पेढी सुरू झाली, तेव्हा तिच्यात सात रचना होत्या. पन्नासेक वर्षं कुणीतरी ती नेटकी राखली, सरकारी खाती आळीपाळीने पैसे देत राहिली, म्हणून प्रथिनांचे आकार ओळखणाऱ्या अल्फाफोल्ड या एआयला शिकायला काही मिळालं आणि २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा त्या कामाला गेला.

आता आपल्या मिशनची फोड बघा. संगणन क्षमतेला, म्हणजे मुख्यतः एआय चालवणाऱ्या चिपांना, जीपीयूंना, ४,५६३.३६ कोटी. डेटासेटच्या मंचाला १९९.५५ कोटी, शंभरातले दोन रुपयेसुद्धा नाहीत. जीपीयूची योजना वाईट आहे असं मी म्हणत नाही. तासाला शंभर रुपयांच्या आत भाड्याने जीपीयू ही गोष्ट इथल्या लहान कॉलेजांना सांगितली तर ती हेवा करतील. त्यांच्यासाठी जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय उपक्रम प्रायोगिकच होता आणि त्यातली बरीच साधनं कंपन्यांनी देऊ केलेली. पण यंत्राला खायला काय घालणार? पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीचे रुमाल बांधून पडलेत. वाचणारे बोटांवर मोजण्याइतके उरलेत. एकेक ओळ वाचून शेजारी बाळबोधीत लिहून ठेवणं हे काम कुठल्या खात्याचं? पुराभिलेख म्हणणार आमच्याकडे माणसं नाहीत, आयटीवाले म्हणणार ते सांस्कृतिक खात्याचं. महाराष्ट्राचं कृषी-एआय धोरण जून २०२५ मध्ये आलं, तीन वर्षांना ५०० कोटी. आनंद आहे. पण तांबेऱ्याने धरलेल्या उसाच्या पानाचा फोटो तालुक्याच्या कृषी सहायकाने काढायचा, तर त्याच्या टेबलावर आधीच किती अॅपं आहेत हे एकदा त्याला विचारावं.

ग्रुपवर हे लिहिलं असतं तर उत्तर ठरलेलं होतं: "तुमच्याकडे सगळं छान." तर तेही ऐका. एप्रिल २०२५ पासून इथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने हजाराहून अधिक ग्रँट्स मध्येच तोडल्या. संचालक सेतुरामन पंचनाथन यांनी त्याच महिन्यात राजीनामा दिला. पुढच्या वर्षासाठी सरकारने संस्थेचं बजेट सुमारे नऊ अब्जांवरून ३.९ अब्जांवर आणायचा प्रस्ताव ठेवला. इथल्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, तो तसा मान्य केला नाही, पण प्रस्तावात एआयला मात्र हात लावला नव्हता. एआय वाचवा, आणि जीवशास्त्र, समाजशास्त्र, शिक्षण यांवर कुऱ्हाड! म्हणजे बफेलोची पाकिटं गोळा करणारे घरी, आणि नेटवर्कला मानाचं पान.

आमच्याकडे शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजून गेल्यावर एक मेल आली. कुठल्या खात्याची ते राहू दे. मातीच्या ओलाव्याचा चार वर्षांचा प्रकल्प, तिसऱ्या वर्षात बंद. सोमवारी प्राध्यापक माझ्या खुर्चीशेजारी उभे. पहिला प्रश्न विद्यार्थ्यांच्या पगाराचा होता, तो कसाबसा सोडवला. दुसरा प्रश्न असा की चाळीस सेन्सर अजून मक्याच्या शेतात गाडलेले आहेत, पेरणीआधी ते काढायला जावं लागेल, तर गाडीचं पेट्रोल कुठल्या खात्यात टाकायचं? मी तीन मॅन्युअलं चाळली. शेवटी त्यांनी स्वतःच्या खिशातून टाकलं.

त्या जानेवारीत ग्रुपवर मी फक्त पाचशे अब्जांची दुरुस्ती लिहिली आणि गप्प बसले. दोघांनी अंगठा दाखवला.

रविवारी बाबांना फोनवर बफेलोच्या पाकिटांची गोष्ट सांगितली. ते हसले. "अगं, आकडे वाचणं सोपं. एकाच नावाची चार-चार वडगावं असायची. कुठलं वडगाव ते पाठवणाऱ्याच्या गावावरनं ओळखायचं. सून मिरजेची म्हटल्यावर पत्र कुठं जाणार?" मग बेडग, आरग, मालगाव, सोनी, भोसे, कुठल्या गावचं टपाल कुठल्या थैलीत, कुठल्या गाडीला, पिनकोड चुकला तर काय बघायचं, हे त्यांनी एका दमात सांगायला सुरुवात केली. मी म्हटलं, "बाबा, थांबा, रेकॉर्ड करते."

एक्केचाळीस मिनिटांची फाईल झाली. ती फोनमध्येच आहे. कुणाला पाठवायची हे बाबांनीही विचारलं. मी म्हटलं, बघते.