पायातला ब्रेक

युरोपात सायकल चालवायला जायचं, हा ठराव रंकाळ्याच्या कट्ट्यावर भेळ खाता खाता मंजूर झाला. जर्मनीतलं पासाऊ ते ऑस्ट्रियातलं व्हिएन्ना, डॅन्यूब नदीच्या काठाकाठानं सुमारे ३०० किलोमीटर. "आणि सगळा सपाट रस्ता हाय," वकिलानं मोबाईल पुढं केला. "सपाट? मग आपला नाद करायचा न्हाय," पैलवान म्हणाला. तालीम सोडून त्याला तीस वर्षं झाली, पण नाव सुटलं नाही. चौथे आमचे मास्तर. सगळे पन्नाशी ओलांडलेले.

सराव जोरात झाला. रोज पहाटे रंकाळ्याला दोन फेऱ्या आणि मग मिसळ. दोन महिन्यांत प्रत्येकाचं वजन वाढलं.

पासाऊत भाड्याच्या सायकली घेतल्या. दुकानदार हातवारे करून सांगत होता की मागचा ब्रेक पायात आहे, पेडल उलटं दाबलं की लागतो. आम्ही माना डोलावल्या. पन्हाळ्याचा घाट उतरलेल्यांना हा काय ब्रेक शिकवणार!

आता एक सांगतो. आपल्याकडं सायकल शिकलेला कुठलाही माणूस उतार लागला, गप्पा मारायच्या असल्या किंवा नुसतं बरं वाटलं, तरी पेडल मागं फिरवतो. मागच्या चाकातून तो टर्रर्र आवाज येतो ना, त्यासाठी. हे डोकं ठरवत नाही, पाय ठरवतात. पहिल्याच वळणावर मला मास्तरांना काहीतरी दाखवायचं होतं. पाय मागं गेले आणि सायकल दावं संपलेल्या म्हशीसारखी जागच्या जागी थटली. मागनं पैलवान आला. त्याच्या मागनं वकील. काय दाखवायचं होतं ते मी आजतागायत विसरलोय.

बरं, थांबल्यावर पुन्हा निघणं त्याहून अवघड. टांग मारायची तर पेडल वर हवं. ते खाली असलं तर आपण पायानं उलटं फिरवून वर आणतो, इथं ते फिरतच नाही. मग उतरायचं, कॅरिअर धरून मागचं चाक उचलायचं, पेडल पुढून फिरवून वर आणायचं. तोवर सिग्नल पुन्हा लाल.

पासाऊत डॅन्यूब, इन आणि इल्झ या तीन नद्या एकत्र येतात. "तीनच?" पैलवान म्हणाला. पंचगंगेला पाच लागतात, त्यातली एक गुप्त. पण तिथल्या टाऊन हॉलच्या भिंतीवर पुराच्या खुणा पाहिल्या आणि सगळे गप्प झालो. २०१३ सालची खूण डोक्याच्या कितीतरी वर होती. आम्ही पावसाळाभर राजाराम बंधाऱ्याचे फूट मोजणारी माणसं, ४३ फूट म्हणजे धोका हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. "हितं मच्छिंद्री होऊन वर गेलंय की लका," वकील हळू आवाजात म्हणाला. मच्छिंद्री म्हणजे आमच्याकडची महापुराची खूण. परक्या गावात पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं ते पूर बघून.

खरा त्रास तिसऱ्या दिवशी सुरू झाला. त्याची जागा सांगायला नको. तालमीत हजार हजार बैठका मारलेल्या पैलवानाला खुर्चीत एक बैठक जमेना. चौघांनी उभ्यानं नाश्ता केला. गादीवाल्या चड्ड्या एकावर एक दोन घातल्या, त्यामुळं चाल मात्र चौघांची पैलवानी झाली. अशा अवस्थेत सत्तरीच्या एक आजी, पुढच्या बास्केटमध्ये कुत्रं बसवून, आम्हाला मागं टाकून गेल्या. "मोटर हाय तिच्या सायकलीला," पैलवान म्हणाला आणि आम्हाला जरा बरं वाटलं. तेवढ्यात मागनं त्यांचे आजोबा आले. त्यांच्या सायकलीला मोटर नव्हती.

रविवारी ऑस्ट्रियातली दुकानं बंद असतात, हे आम्हाला रविवारी कळलं. नदीकाठच्या बाकाजवळ (अर्थात उभ्यानं) कालचा पाव आणि घरची कांदा-लसूण चटणी काढली. शेजारच्या एका सायकलवाल्या काकांनी कुतूहलानं बघितलं, म्हणून मास्तरांनी अगत्यानं चमचाभर दिली. काका नंतर बराच वेळ डॅन्यूबकडं तोंड करून उभे होते.

ड्यूर्नस्टाइनला डोंगरावर पडका किल्ला आहे. इंग्लंडचा सिंहहृदयी राजा रिचर्ड वेष पालटून घरी निघाला असताना पकडला गेला आणि ११९२ च्या हिवाळ्यात इथं कैदेत पडला. मास्तरांना हे पटेना. "आमचे महाराज १६६० साली सिद्दी जौहरच्या हातावर तुरी देऊन पन्हाळ्यावरनं निसटले. ह्याला वेष पालटूनसुद्धा जमलं न्हाय?" किल्ल्यावर चढायचा विषय तिथंच मिटला. गुडघे सगळ्यांचेच दुखत होते.

आठव्या दिवशी व्हिएन्ना आलं. तोवर पाय शहाणे झाले होते. टर्रर्रची आठवणसुद्धा राहिली नव्हती.

परत आल्यावर पहिल्या रविवारी चौघं रंकाळ्यावर सायकली घेऊन गेलो. चौपाटीकडं वळताना समोर भेळेची गाडी दिसली. मी ऐटीत, एकदम युरोपियन पद्धतीनं, पेडल मागं दाबलं.

टर्रर्र.

चुरमुरे पार खिशापर्यंत गेले. "सायेब, ब्रेक हातात असतोय ओ!" भेळवाला ओरडला. मी उठून सॉरी म्हणेपर्यंत मागनं मास्तर येताना दिसले. त्यांच्याही सायकलीतून टर्रर्र ऐकू आलं, आणि भेळवाल्यानं चिंचेच्या पाण्याचं पातेलं उचलून छातीशी धरलं.