कुत्रा मालकाला विसरतो का?

‘सहा महिने दिसला नाहीत, की कुत्रा तुम्हाला विसरतो,’ असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतोय. तो खोटा आहे. बीगल जहाजावरून परतलेल्या चार्ल्स डार्विनने हे मुद्दाम पडताळून पाहिलं होतं. ५ वर्षं २ दिवसांनी त्याने तबेल्याजवळ जाऊन पूर्वीसारखीच हाक मारली. परक्या माणसाला जवळ येऊ न देणारा त्याचा कुत्रा लगेच मागोमाग फिरायला निघाला, जणू अर्ध्या तासापूर्वीच ताटातूट झाली होती. आनंद मात्र त्याने दाखवला नाही, हेही डार्विनने नोंदवलंय, आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं. कुत्रा उड्या मारत आला नाही म्हणून ‘विसरला’ म्हणू नका. नेहमीची हाक मारा, हात हुंगू द्या. अगदी म्हाताऱ्या कुत्र्याला खरंच ओळख पटत नसेल, तर पशुवैद्याला दाखवा. वयोमानाने त्यांनाही स्मृतिभ्रंश होतो.