ट्रंक, कपाट आणि संकासूर

आमच्या तात्यांना 2012 च्या जत्रेतील दशावतारी काल्याचा एक फोटो हवा होता, आणि तो तत्काळ हवा होता. गावच्या जत्रांची सारी छायाचित्रे मी फोंड्याच्या घरी टारमध्ये, म्हणजे अनेक फाइलींच्या एकाच गाठोड्यात गुंडाळून, वर जीझिपने दाबून ठेवली आहेत. टारचा जन्म 1979 च्या युनिक्स या संगणक प्रणालीत, चुंबकीय फितींसाठी झाला. त्यामुळे त्यात अनुक्रमणिका नाही. मधली एखादी फाइल हवी असली तरी आरंभापासून सगळे सोडवत यावे लागते. 38 जीबीच्या त्या गाठोड्यातून फोटो निघेपर्यंत तात्यांचे दोन फोन आले, आणि दुसऱ्यात ‘‘तुझ्या कॉम्प्युटरापेक्षा आमची ट्रंक बरी रे,’’ हा निकालही आला.

त्याच रात्री मी सर्व टारांचे स्क्वॉशएफएस करण्याचे मनावर घेतले. 2009 पासून लिनक्स प्रणालीच्या कर्नलमध्येच (गाभ्यातच) असलेली ही व्यवस्था इमेज नावाच्या एकाच मोठ्या फाइलीत साऱ्या फाइली दाबून भरते, ती इमेज माउंट करताच, म्हणजे प्रणालीला जोडताच, साध्या फोल्डरसारखी उघडते आणि मागाल तेवढाच भाग सोडवते. आत लिहिता मात्र येत नाही. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी केलेल्या साठवणीच्या, बरणीत ओला हात घालायचा नसतो हे आईने लहानपणीच बजावल्यामुळे त्या अटीचे मला काही वाटले नाही.

मेक-स्क्वॉशएफएस या आज्ञेला मी टारची फाइल दिली, इमेज माउंट केली आणि पाहतो तर आत तीच टारची फाइल, जशीच्या तशी. ट्रंकेतले कपडे कपाटात लावायला सांगावे आणि गड्याने अख्खी ट्रंकच कपाटात ठेवावी, तसे झाले. चूक गड्याची नव्हती, मी त्याला ट्रंकच दिली होती. मग टार फोल्डरमध्ये सोडवून, त्याच नावाच्या इमेजवर मी पुन्हा आज्ञा चालवली. ही आज्ञा जुनी इमेज पुसत नाही, तिच्यातच भर घालते, हे तेव्हा कळले. आता कपाटात कपडेही होते आणि ट्रंकही. खात्रीसाठी तिसऱ्यांदा चालवल्यावर प्रत्येक फोल्डराला शेपटीला एक आकडा चिकटलेला जुळा भाऊ झाला. भर न घालता इमेज नव्याने लिहायला ‘नोअपेंड’ नावाचा पर्याय असतो. तो मला पहाटे तीनला, इन्व्हर्टरच्या उजेडात सापडला.

खरे तर इतके सोडवण्याचीही गरज नव्हती. 2021 पासून त्याच साधनसंचात एसक्यूएफएस-टार ही आज्ञा आहे. झेडकॅट या आज्ञेने जीझिप उलगडून टार पाइपमधून, म्हणजे मध्ये कुठे न साठवता, थेट तिला दिला की थेट इमेज तयार होते, आणि मालकी-परवानग्याही टारमध्ये असतील तशाच राहतात. जागा मात्र जवळजवळ वाचली नाही. जेपीईजी प्रकारचे फोटो आधीच पिळलेले असतात. रस काढलेल्या खोबऱ्याच्या चोथ्यातून आणखी काय निघणार?

दुसऱ्या दिवशी मी इमेज माउंट करून तात्यांना तोच फोटो क्षणात दाखवला. त्यांनी चष्मा वर सारून फाइलीचे नाव वाचले.

‘‘हा रावण कसा? हा संकासूर. तेवढे नाव बदल बघू.’’

मी बदलायला गेलो. फाइल सिस्टिम रीड-ओन्ली असल्याचे उत्तर पडद्यावर उमटले.

‘‘आमच्या ट्रंकेतल्या फोटोच्या मागे,’’ तात्या म्हणाले, ‘‘पेनाने लिहिता येते.’’